मखमलचा सत्कार

४ जून

प्रिय मावशी,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी "कामाचं असेल तर लिही, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. कामाचंच आहे.

मला नवी नोकरी लागली. दातांच्या दवाखान्यात काउंटरमागे बसून लोकांचे सुजलेले गाल बघण्यातून सुटले एकदाची. ही कार्यक्रम आखून पार पाडून देणारी कंपनी आहे. परिषदा, दुकानांची उद्घाटनं, बक्षीस समारंभ, असलं सगळं. जाहिरात पाहिली, अर्ज केला, बोलावलं, हो म्हणून आले. मालक कोण हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी ऑफिसात शिरले तर समोरच्या भिंतीवर मोठा फोटो. कंपनीच्या पहिल्यावहिल्या कार्यक्रमाचा. त्यात तो, ज्याला तू आणि काका घरात 'मखमल' म्हणता. त्याच्या शेजारची बाजू कापून टाकलेली आहे, पण नीट कापलेली नाही. एक कोपर राहिलंय. हिरव्या चौकड्यांची बाही, कोपराच्या वर दुमडलेली. मावशी, तो शर्ट तू नंतर पायपुसणं करायला आईला दिला होतास. मी वर्षभर त्यावर पाय पुसलेत. मी ओळखणार नाही?

मी तुझी भाची हे इथे कुणालाच माहीत नाही. आडनाव वेगळं, तोंडवळा बाबांचा. त्या दिवशी मैदानावर काय झालं हे मला फक्त तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. मोठी माणसं बोलायची आणि मी आले की गप्प व्हायची.

राहू की सोडू? सोड म्हणालीस तर उद्या सोडते. राहा म्हणालीस तर मला या कामातलं ओ की ठो कळत नाही. अगदी पहिल्यापासून शिकव.

काकांना नमस्कार. त्यांची काठी आता नवी घ्या म्हणावं.

तुझी,
ठमी


११ जून

ठमे,

राहा. सोडायचं नावही काढू नकोस. देवानं दिलं आणि कर्मानं नेलं असं लोक म्हणतात. इथे उलटं झालंय. ज्यानं माझं नेलं त्याच्याच दारात देवानं तुला नेऊन उभं केलंय.

आधी काय झालं ते सरळ ऐक, म्हणजे अर्धवट ऐकलेलं डोक्यातून जाईल. मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम होता. कंपनी आम्हा दोघांची. आखणी मी करायची, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम त्याचं. दिवे तुझ्या काकांकडे. बाजूच्या फाटकातून फुकटे लोक आत शिरत होते म्हणून त्यानं त्या फाटकाला साखळी घालायला सांगितली. मी नको म्हणाले. "दोन तासांत काही होत नाही," तो म्हणाला. मी मंचामागे गेले आणि त्यानं साखळी घातली. मग वादळ आलं, दिव्यांचा एक मनोरा कलला, आणि सगळी गर्दी त्या फाटकावर येऊन आदळली. काका वरून उतरून साखळी तोडायला धावले आणि गर्दी नि फाटक यांच्या मध्ये सापडले. कुणी मेलं नाही. पण पुष्कळांचं पुष्कळ मोडलं.

मी दवाखान्यात काकांच्या उशाशी बसलेली असताना हा चौकशीला गेला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, फाटकं तिच्याकडे होती, मी तिला परोपरीनं सांगितलं. मी परत येईपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. आमच्याच माणसांच्या, आमच्याच साउंडवाल्याच्या, डेकोरेटरच्या. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

आता शिक.

कार्यक्रम कशासाठी आहे हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर एक खुर्चीही मांडू नकोस. दुकान उघडायचं असेल तर लोकांनी जाताना दुकानाची आठवण घेऊन जावं, गाणाऱ्याची नव्हे. मग पाहुणे कोण ते ठरव. जागा त्यानंतर. लोक आधी हॉल घेतात आणि मग त्यात माणसं कोंबतात, म्हणजे टोपी घेऊन डोकं शोधत फिरायचं.

जागा बघायला जाशील तेव्हा मालकाबरोबर फिरू नकोस. एकटी, पाहुण्यासारखी फीर. रस्त्यावरून ये, पायऱ्या चढ, गुडघे दुखतात असं समजून चढ. संडास शोध. शेवटच्या रांगेत बस. आणि प्रत्येक दार स्वतःच्या हातानं उघडून बघ. आहे असं सांगितलेलं दार आणि उघडणारं दार यांत फार फरक असतो.

एका कामाला एकच माणूस. "आपण सगळे मिळून बघू" म्हणजे कुणीच बघणार नाही.

चोख काम कर. त्याला तुझ्यावाचून पाणी हलत नाही असं वाटायला हवं. पुढचं मी बघते.

मावशी


२ जुलै

प्रिय मावशी,

तुझं ऐकलं आणि मी महिन्याभरात ऑफिसात शहाणी ठरले. चष्म्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला सगळ्यांनी मंच दारासमोर मांडला होता. मी विचारलं, लोकांनी आत जायचं कुठून? मंच हलवला. दुकानदार खूश झाला.

मखमल बोलतो तेव्हा खरंच अंगावर कुणी पांघरूण घालतंय असं वाटतं. कुणावर ओरडत नाही. "पोरी, तुझ्यासारखी नजर शंभरात एकाला असते," म्हणाला. मला माहीत होतं हा कोण आहे, तरी मी दिवसभर खूश होते. तुला हे सांगायला नको होतं, पण सांगून टाकते.

आता मुख्य गोष्ट. आपल्या धंद्यातल्या लोकांचं, म्हणजे साउंडवाले, लाइटवाले, डेकोरेटर, केटरर या सगळ्यांचं जे मंडळ आहे, ते सप्टेंबरात त्याचा सत्कार करणार आहे. आयुष्यभराच्या कामगिरीबद्दल. आणि कार्यक्रम कोण करणार? आमचीच कंपनी. म्हणजे नवरदेवानंच स्वतःच्या वरातीचा घोडा धरायचा. निमंत्रणं आणि बैठक माझ्याकडे दिली आहे.

हॉल बघून आले. पाहुण्यासारखी फिरले. मागे दोन दारं आहेत, गल्लीत उघडतात. दोन्ही उघडतात, मी हातानं उघडली. शेवटच्या रांगेतून मंच दिसतो, मधला खांब थोडा आडवा येतो.

वेळापत्रक कसं करायचं ते सांग. सुरुवातीपासून लिहायला बसले की माझं सगळं शेवटी कोंबलं जातं.

ठमी


९ जुलै

ठमे,

वेळापत्रक शेवटापासून लिहायचं. शेवटचा पाहुणा घरी कधी निघाला पाहिजे? त्याच्या आधी जेवण, त्याच्या आधी भाषण, असं मागे मागे ये. प्रत्येक दोन गोष्टींच्या मध्ये थोडी मोकळी जागा सोड, कारण माणसं आगगाडीच्या डब्यांसारखी एकमेकांना जोडलेली नसतात. आणि काय काय बिघडू शकतं ते आधी लिहून त्याच्यासमोर "मग काय करायचं" हे लिहून ठेव. वीज गेली. पाहुणा आला नाही. पाहुणा पिऊन आला.

हे झालं काम. आता माझं काम.

कार्यक्रम बुडवायला आग लावावी लागत नाही. मी या धंद्यात होते तेव्हा मला रात्रंदिवस एकच धास्ती असायची, रिकाम्या खुर्च्यांची. वीज गेली तर लोक टाळ्या वाजवून वेळ काढतात. पाऊस आला तर हसतात. पण रिकाम्या हॉलसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला कुठे तोंड लपवायला जागा नसते. प्रत्येक खुर्ची त्याला सांगत असते, तुझ्यासाठी कुणी आलं नाही.

निमंत्रणं तुझ्याकडे आहेत. अर्ध्या लोकांना तारीख पुढच्या आठवड्याची जाऊ दे. राहिलेल्यांना वेळ उशिराची. कुणाला हॉल दुसरा. छापणाऱ्याची चूक म्हणता येईल. दिवे लागतील, गाणं वाजेल, हा नवा कोट घालून मंचावर चढेल आणि समोर बघेल.

कितीतरी वर्षं मी हे चित्र मनात मांडते आणि मोडते. खुर्च्यांचा रंगसुद्धा ठरलेला आहे. तू फक्त मांड.

मावशी


१६ जुलै

प्रिय मावशी,

नाही.

तुझं पत्र वाचून, खोटं कशाला बोलू, थोडी मजा वाटली. दोन दिवस विचार केला. पण हॉल रिकामा राहिला तर फक्त मखमल उभा राहत नाही. केटरर बाई पहाटेपासून राबणार, तिचं सगळं गटारात. डेकोरेटर नुकता आजारातून उठलाय. आणि निमंत्रणं माझ्या नावानं जातात. तूच म्हणालीस, एका कामाला एक माणूस. तो एक माणूस मी आहे. चूक छापणाऱ्यावर ढकलायची म्हणजे त्यानं तुझ्यावर ढकललं तसंच झालं.

रागावू नकोस. मी नोकरीत राहते, डोळे उघडे ठेवते. पण हे करणार नाही.

ठमी


२० ऑगस्ट

प्रिय मावशी,

माझ्या पत्राला उत्तर नाही. आई म्हणते, तू रागावलीस की पत्र येत नाही, फक्त कपाटं आवरतेस. कपाटं आवरून झाली असतील तर हे वाच.

मी तुझी भाची हे मखमलला कळलं. कसं ते माहीत नाही. बहुधा आईच कुठे तरी बोलली असणार. त्यानं मला आत बोलावलं. मला वाटलं, हाकलणार. तर त्यानं स्वतः खुर्ची ओढून दिली. म्हणाला, "तुझी मावशी या धंद्यातली माझी गुरू. तिच्या हातून एक चूक झाली. मी तिला आजवर दोष दिला नाही. घाईत माणसाकडून होतं. तिनं फाटक बंद करायला सांगितलं तेव्हा मी तिथे नव्हतो, नाहीतर थांबवलं असतं." आणि त्याचा गळा दाटून आला. खरंच दाटून आला, मावशी. मी समोर बसले होते.

मी बाहेर आले आणि मला रडू आलं. मग मी आमच्या साउंडवाल्याला विचारलं. तो जुना माणूस आहे, काकांबरोबर मनोऱ्यांवर चढलेला. तो म्हणाला, "बाई चांगल्या होत्या. पण फाटक त्यांनीच लावलं. सगळ्यांना ठाऊक आहे."

मला एकदाच सांग. तू लावलंस का? रागाच्या भरात, घाईत, कसंही. लावलं असशील तरी तू माझी मावशीच आहेस.

ठमी


२५ ऑगस्ट

मखमल अंगावर पांघरली की ऊब येते. माझ्याही अंगावर होती. त्याची नखं आतल्या बाजूला आहेत.

नाही. मी लावलं नाही.

यानंतर मला पत्र पाठवायची तसदी घेऊ नकोस.


२७ ऑगस्ट

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही. हे लिहितोय ते तुझ्या मावशीला माहीत नाही. ती तुझं पत्र आल्यापासून भांडी आपटते आहे. एक झाकण माझ्या दुरुस्तीच्या टेबलापर्यंत आलं. त्यावर एका गिऱ्हाइकाचा पंखा उघडा पडला होता, तो वाचला.

फाटकाला साखळी त्यानंच घातली. मी वर मनोऱ्यावर होतो. वरून सगळं दिसतं. मावशी हात हलवून नको नको म्हणत होती आणि तो तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला मंचाकडे वळवत होता. ती गेल्यावर त्यानं स्वतःच्या हातानं साखळी घातली. मी हे चौकशीत सांगितलं. ते म्हणाले, नवरा आहे, बायकोच्याच बाजूनं बोलणार. मग मी कुणाला सांगितलं नाही.

आता दुसरं. ती तुला काय काय करायला सांगते ते मला कळतं. ती झोपेत वेळापत्रकं बोलते. पाय माझा गेला, पोरी. मग सूड तिचा कसा झाला, हे मी तिला विचारलं तर ती तीन दिवस बोलली नाही. मला राग नाही असं समजू नकोस. आहे. पण तो मी कुणाला वापरायला दिलेला नाही, तिलासुद्धा.

तू तुझं काम नीट कर. दारं उघडी ठेव. बाकी काही नाही.

काठी जुनीच बरी आहे. हाताला बसली आहे.

काका


८ सप्टेंबर

प्रिय मावशी,

पत्र पाठवू नकोस म्हणालीस, तरी पाठवते. मी विचारलं त्याचं तुला लागलं. पण विचारलं नसतं तर ते माझ्या मनात कुजत राहिलं असतं. तू नाही म्हणालीस, माझ्यासाठी संपलं.

हे दुसऱ्या कारणानं लिहिते. सत्कार चार दिवसांवर आलाय. काल हॉलवर रंगीत तालीम होती. मखमल मागच्या दारांपाशी थांबला आणि गल्लीत डोकावला. म्हणाला, "इथून ऐरेगैरे शिरतील, जेवणावर ताव मारतील. या दारांना साखळी घाला. समोरचं एक दार पुरे."

मी म्हटलं, साहेब, हॉल भरलेला असणार. तो हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मंचाकडे वळवलं.

मावशी, मी काय करू?

ठमी


१० सप्टेंबर

ठमे,

हे पत्र ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवते आहे, आजच मिळेल.

लावू दे.

काही बोलू नकोस. मान हलव आणि हो म्हण. अग्निशमन दलात माझ्या ओळखीचा अधिकारी आहे, सरळ माणूस. मी त्याला सांगून ठेवते. हॉल गच्च भरू दे, भाषणं होऊ देत, याच्या हातात मानचिन्ह येऊ दे, आणि नेमक्या त्या वेळी अधिकारी आपल्या माणसांसह आत येईल, सगळ्यांसमोर मागे जाईल आणि साखळी उचलून धरेल. सगळा धंदा बघेल. याहून चांगलं मी वीस वर्षं बसून आखलं असतं तरी जमलं नसतं. त्यानं स्वतः आखून दिलंय.

आधी कुणी साखळी काढली तर सगळं फुकट जाईल. दोन तासांत काही होत नाही.

मावशी


१४ सप्टेंबर

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. शेवटचं वाक्य कुणाचं आहे ते तुला कळलं का? तूच मला पहिल्या पत्रात सांगितलं होतंस, ते कोण म्हणालं होतं. मी ड्रायव्हरला सांगितलं, उत्तर नाही. तुझ्या अधिकाऱ्याला मी स्वतः फोन केला आणि कार्यक्रमाआधी यायला सांगितलं. तो म्हणाला, मावशींनी जरा नंतरची वेळ दिली आहे, मी दुसरीकडे अडकलोय. म्हणजे माझं मलाच बघायचं होतं.

आता जे झालं ते ऐक. मी काही वाढवून सांगत नाही.

संध्याकाळ. मुख्य दारावर मी. बाहेर सगळे पाहुणे नटूनथटून उभे, मागून आणखी येताहेत. आमच्या सगळ्यांच्या कमरेला वॉकीटॉकी, एकाच चॅनलवर. डेकोरेटरनं कळवलं, मागे साखळी तशीच आहे. दुपारी मी मखमलला पुन्हा म्हटलं होतं तेव्हा "बघू" म्हणाला होता.

मी बटण दाबलं आणि म्हटलं, "मागच्या दारांच्या साखळ्या निघेपर्यंत मी मुख्य दार उघडणार नाही."

तो मंचामागच्या खोलीत कोट चढवत होता. त्याचा आवाज आला, अगदी मऊ. "पोरी, बाहेर माणसं ताटकळली आहेत."

"साखळी काढा, लगेच उघडते."

"हट्ट करू नये."

"साहेब, मी दार उघडणार नाही."

बाहेर लोक घड्याळं बघायला लागले होते. मंडळाचे अध्यक्ष काचेवर बोटानं टकटक करत होते. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. मग पुन्हा त्याचा आवाज आला, आणि त्यात मखमल नव्हती.

"तुझ्या मावशीनं त्या दिवशी असंच डोकं खाल्लं होतं. नको नको करत माझ्यामागे फिरत होती. तरी मी लावायची ती लावलीच. आजही लागेल. मुकाट्यानं दार उघड."

तो माझ्याशी बोलत होता, मावशी. चॅनलवर आणखी कोण आहे याचं त्याला भानच राहिलं नाही. साउंडवाला होता. लाइटवाला होता. डेकोरेटर, केटरर बाई, गाड्या लावणारे, सगळे होते.

मग लाइटवाल्याचा आवाज आला. "सगळ्यांनी ऐकलं, साहेब."

त्यानंतर कुणीतरी बटण दाबून धरलं आणि साखळी फरशीवर पडल्याचा आवाज सगळ्यांच्या कमरेवर ऐकू आला. आधी एक, मग दुसरी. मी दार उघडलं. पाहुण्यांची उशिराबद्दल माफी मागितली आणि सगळ्यांना जागेवर बसवलं. तुझा अधिकारी नंतर आला, उघडी दारं बघून परत गेला.

कार्यक्रम सुंदर झाला. इतका नीट कार्यक्रम मी अजून बघितला नव्हता. गाणं झालं, अध्यक्षांचं भाषण झालं, प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ. मग त्याचं नाव पुकारलं. तो मंचावर आला आणि दिवा अध्यक्षांवरच राहिला. तो सरकून दिव्यात आला, दिवा सरकून दुसरीकडे गेला. त्यानं मायक्रोफोनसमोर तोंड नेलं, मायक्रोफोन मुका. दुसरा आणून दिला, तोही मुका. अध्यक्षांनी तोच हातात घेऊन "जरा तांत्रिक अडचण" म्हटलं, ते मात्र खणखणीत ऐकू आलं. लोक हसले. तो अंधारात उभा राहून ओठ हलवत होता. पहिल्या दोन रांगांनी थोडा वेळ कान दिले, मागचे आपसांत बोलायला लागले. मग हॉलचे दिवे लागले आणि केटरर बाईनं जेवण तयार असल्याचं सांगितलं. लोक उठून गेले. तो मानचिन्ह धरून उभाच.

मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पण थांबवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी साउंडवाला ऑफिसात येऊन सांगून गेला की आमच्यापैकी कुणी यापुढे याचं काम धरणार नाही. जाताना मला म्हणाला, "मी तुला खोटं सांगितलं होतं. मला तेच खरं वाटत होतं." मी नोकरी सोडली. ती मंडळी म्हणतात, तू आखणी कर, आम्ही बरोबर आहोत.

ठमी


६ ऑक्टोबर

ठमे,

तुझं पत्र मी तुझ्या काकांना वाचून दाखवलं. "दिवा सरकून दुसरीकडे गेला" इथे त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग स्क्रू ड्रायव्हर उचलून पुन्हा पंख्याला लागले. मी मात्र हसले. इतकी हसले की शेजारीण विचारायला आली.

तू माझं ऐकलं नाहीस ते बरं केलंस. त्यावर यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

काल तो आला. बेल वाजली, दार उघडलं तर दारात मखमल. कोट नाही, गाडी लांब कोपऱ्यावर लावलेली. मी आत घेतलं आणि पंख्यांच्या सांगाड्यांमध्ये एका स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. पाहुण्याला ताटकळत ठेवू नये हे मीच तुला शिकवलंय, पण त्याला मी ठेवलं. आत जाऊन उगीच एक कपाट आवरलं.

त्याचं काम बंद पडलंय. शहरातला एकही माणूस त्याला तार जोडून द्यायला तयार नाही. म्हणाला, "तू एकदा त्यांना सांग की तुझ्या मनात काही नाही."

मी म्हटलं, "माझ्या मनात पुष्कळ आहे."

"झालं गेलं, आता आपण दोघंही..."

"दोघं नाही. तू."

मग त्याचा गळा दाटून आला. तू म्हणालीस तसाच, खरंच दाटतो. मी ओट्याला टेकून बघत राहिले, एखादा नट बघावा तसं. दाटून संपल्यावर म्हटलं, तू चौकशीत रडून जे सांगितलंस ते खोटं होतं, हे तुला सांगावं लागेल. मला नाही, मला माहीत आहे. त्या फाटकाशी जे जे मोडले त्यांना. कार्यक्रम मी करते. तू फक्त यायचं.

तो म्हणाला, विचार करून सांगतो. मी म्हटलं, विचार कर, तोवर स्वतःचे दिवे स्वतः लाव.

आज सकाळी त्याचा होकार आला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, मैदानाजवळच्या शाळेचा हॉल. मी स्वतः बघून आले, पाहुण्यासारखी. तू ये.

काका म्हणतात, मी येणार नाही, तुझा सूड तू जेव.

मावशी


१४ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

त्याच रविवारी आमचा पहिला स्वतंत्र कार्यक्रम आहे, डॉक्टरांची परिषद. साउंडवाला, लाइटवाला सगळे माझ्याकडे. मला येता येणार नाही आणि जीव तिथेच अडकलेला असणार.

म्हणून लांबून विचारते, तू मला विचारायचीस तसं. कार्यक्रम कशासाठी आहे, एका वाक्यात? त्याला रडवण्यासाठी असेल तर तो दोन मिनिटांत रडेल आणि बाजी मारून नेईल. आणि काकांना ओढून नेऊ नकोस. त्यांचं त्यांना ठरवू दे.

सगळं झालं की लगेच लिही. काही गाळू नकोस.

ठमी


५ नोव्हेंबर

ठमे,

तुझ्या प्रश्नानं माझी दोन दिवस झोप उडाली. शेवटी वाक्य सापडलं: लोकांनी जाताना हे घेऊन जावं की चूक त्यांची नव्हती. इतकी वर्षं त्यांच्यातले कितीतरी जण म्हणत होते, आम्हीच ढकलाढकली केली, आम्हीच धावलो. मला ते माहीतच नव्हतं. निमंत्रण द्यायला घरोघर गेले तेव्हा कळलं. एक शिवणकाम करणारी बाई आहे, तिचा उजवा हात तेव्हापासून वर होत नाही. ती मला म्हणाली, "माझ्या पुढे एक मुलगी होती, मी तिला रेटलं." ती मुलगी आता तरुण आहे, तीही येणार होती. मी दोघींना शेजारी शेजारी बसवलं.

मंच ठेवला नाही. खुर्च्या अर्धगोलात, तो मध्ये जमिनीवर उभा. त्याच्या हातात कागद नाही, समोर टेबल नाही, मागे टेकायला भिंतही नाही. मायक्रोफोन नाही, हॉल लहान आहे. वाक्यं मी आधीच ठरवून दिली होती, चारच, आणि त्यांत "दुर्दैव" हा शब्द नव्हता. तू म्हणशील हा सूड आहे. आहेच. सूडसुद्धा नीट आखावा लागतो.

लोक आले. खुर्च्या भरल्या. तो आला तेव्हा कुणी उठलं नाही, कुणी बोललं नाही. मी घड्याळ बघितलं आणि त्याला मान हलवून खूण केली, तेवढ्यात मागचं दार उघडलं. काठीचा आवाज. तुझे काका. इस्त्रीचा शर्ट घातलेला. इस्त्री त्यांनी स्वतःच केलेली असणार, कारण कॉलर उलटी होती. कुणाकडे न बघता शेवटच्या रांगेत जाऊन बसले. पाय समोर लांब करून.

मखमल बोलायला लागला. आवाज तोच, मऊ, दाटलेला, अंगावर ओढून घ्यावा असा. "साखळी मी घातली. तिनं नको म्हटलं होतं. चौकशीत मी खोटं बोललो. तुमची चूक नव्हती." संपलं. मी वाट बघत होते की मला काहीतरी होईल. रिकामं वाटेल, भरून येईल, काहीही. पुढच्या रांगेतल्या शिवणवाल्या बाईनं मान खाली घातली होती.

मागून आवाज आला.

"मागे ऐकू आलं नाही."

सगळ्यांनी वळून बघितलं. काका काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, चेहरा अगदी साधा, तालमीच्या वेळी मनोऱ्यावरून साउंडवाल्याला सांगायचे तसा.

मखमलनं माझ्याकडे बघितलं. मी वेळापत्रकाकडे बघितलं. त्यात हे नव्हतं. त्यानं पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं.

"मोठ्यानं," काका म्हणाले. "फाटकापाशी उभे होते त्यांनाही ऐकायचंय."

तिसऱ्यांदा त्याला ओरडावं लागलं, आणि ओरडताना मऊ बोलता येत नाही. "साखळी मी घातली" हे त्याच्या तोंडून असं निघालं, खरबरीत आणि फाटकं, की रस्त्यावरून जाणारा एक माणूस खिडकीशी थांबला. त्याचा चेहरा लाल झाला होता. डोळ्यांत पाणी नव्हतं. शिवणवाल्या बाईनं मान वर केली आणि शेजारच्या त्या मुलीकडे बघितलं.

काकांनी काठी टेकली आणि ते उठले.

"हं," ते म्हणाले. "आता आलं."

मावशी